सांगणाऱ्याचे कर्तव्य, ऐकणाऱ्याचे कर्तव्य

कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते, असे आपण सहज बोलून जातो. पूर्वग्रहाने ज्याची दृष्टी बिघडली आहे अशा माणसाला उद्देशून ही म्हण वापरण्याचा प्रघात आहे. वैद्यकाच्या दृष्टीने पाहू जाता तीत फारसे तथ्य नाही. काविळीच्या रोग्याचे डोळे पिवळे होतात, त्याला दिसणारे जग नव्हे. पिवळा दिसतो तो रोगी, आणि पाहणारे असतात भोवतालचे लोक. विषाणूजन्य यकृतदाह, म्हणजे हिपॅटायटिस, अंगी बाळगून जगणाऱ्या माणसांविषयी गेल्या काही दशकांत समाजशास्त्रज्ञांनी आणि सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी जे लिहिले आहे ते वाचताना ही म्हण उलट्या बाजूने लावावी असे आम्हांस पुनःपुन्हा वाटले. त्या लेखनात यकृताविषयी थोडे आणि शेजारीपाजाऱ्यांविषयी पुष्कळ असते.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. आपल्या भाषेत कावीळ हा एकच शब्द आहे आणि त्याच्या पोटात निदान दोन अगदी निराळ्या गोष्टी नांदतात. एक कावीळ पाण्यातून व अन्नातून येते. तिचे विषाणू ‘ए’ आणि ‘ई’. 1981 साली कोल्हापुरात अशीच पाण्यातून साथ पसरली होती व पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तिचा अभ्यास केला होता. 2012 साली इचलकरंजीत पुन्हा तेच घडले आणि अनेकांचे प्राण गेले. ही कावीळ येते, माणसाला पंधरा-वीस दिवस झोपवते आणि बहुधा निघून जाते. गरोदर स्त्रीला मात्र ‘ई’ विषाणू घातक ठरू शकतो. दुसरी कावीळ रक्तातून, शरीरसंबंधातून, मातेकडून बालकाकडे येते. तिचे विषाणू ‘बी’ आणि ‘सी’. तिला कावीळ म्हणणेही एका अर्थी चूकच, कारण ही लागण ज्यांच्या अंगात वर्षानुवर्षे राहते त्यांपैकी बहुतेकांचे डोळे कधी पिवळे होत नाहीत. ती माणसे शेतावर जातात, संत्र्याच्या बागेला पाणी देतात, कचेरीत वेळेवर सही करतात.

आपल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे, आणि पलीकडे वरूड-काटोलकडेही, कावीळ म्हटली की अजून पहिल्यांदा आठवते ती माळ. मंतरलेली माळ गळ्यात घालावी, ती जसजशी लांब होत जाईल तसतशी कावीळ उतरेल, असा समज. कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळे पाणी काढून दाखवतो, कोणी नाकात देवडांगरीचा रस पिळतो. पाण्याची कावीळ बहुधा आपोआप बरी होणारी असल्यामुळे या उपायांना यशाची कधी वाण पडली नाही. असो. माळेचा उपहास करणे सोपे आहे आणि तो आमचा विषय नाही. मुद्दा इतकाच की एका शब्दामुळे एका रोगाचे भय दुसऱ्या रोगाच्या माणसाला चिकटले. पाण्याच्या काविळीत हातांची स्वच्छता, उष्ट्याखरकट्याची काळजी यांना अर्थ आहे. रक्ताच्या काविळीत ताट, वाटी, पेला यांचा काही संबंध नाही. एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने, मिठीने, खोकल्याने ती लागत नाही. आणि तरीही ताट वेगळे होते ते बहुधा या दुसऱ्याच माणसाचे, कारण पहिला महिन्याभरात बरा होतो आणि हा होत नाही.

‘बी’ विषाणूचा माग प्रथम अमेरिकन संशोधक बारूक ब्लमबर्ग यांना 1960च्या दशकात लागला. 1976 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस, 28 जुलै, हा आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024च्या अहवालानुसार 2022 साली जगात सुमारे 25 कोटी 40 लाख माणसे ‘बी’ची आणि 5 कोटी ‘सी’ची दीर्घकालीन लागण घेऊन जगत होती. भारताचा वाटा ‘बी’मध्ये सुमारे 2 कोटी 98 लाख आणि ‘सी’मध्ये सुमारे 55 लाख. जगातल्या ‘बी’ लागणीच्या माणसांपैकी स्वतःला ती असल्याचे ठाऊक होते ते शंभरांत तेराजण. उरलेल्या सत्त्याऐंशींपुढे नैतिक प्रश्न उभाच राहत नाही, कारण त्यांना ठाऊकच नाही. प्रश्न या तेरांचा आहे, आणि त्यांनी तपासणी करून घेतली म्हणूनच तो त्यांच्यापुढे उभा आहे, ही त्यातली विचित्र गोष्ट.

आणखी एक वैद्यकीय सत्य येथे सांगितलेच पाहिजे. प्रौढपणी ‘बी’ची लागण झाली तर शंभरांत पाचांहून कमी जणांत ती कायमची राहते, बाकीचे शरीर स्वतःच तिला हुसकून लावते. जन्मतः वा तान्हेपणी झाली तर मात्र शंभरांत नव्वदांच्या आसपास बालकांत ती घर करून बसते. याचा अर्थ असा की आज ज्या चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसाच्या रक्तात ती सापडते, त्याला ती फार करून आईच्या कुशीतून किंवा लहानपणीच मिळालेली असते. पण अहवाल हाती येताच पहिला प्रश्न विचारला जातो तो, ‘कुठून आणलीस?’ जणू ती कोठल्या तरी बाजारातून विकत आणली आहे. या एका प्रश्नात चौकशी थोडी आणि आरोप फार असतो.

आम्ही शासकीय सेवेत असताना एका तालुक्याच्या कचेरीत एक लिपिक होते. रक्तदान शिबिरात दरवर्षी हौसेने पहिला क्रमांक लावणारे. एका वर्षी रक्तपेढीचे पत्र आले. पत्र कचेरीच्या पत्त्यावर होते, म्हणून आवक-जावक शाखेत रीतीप्रमाणे उघडले गेले, आणि दुपारच्या चहाच्या आत सर्वांना कळले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी निराळा कप आला. तो निराळ्या खुंटीला टांगला जाऊ लागला. कोणी त्यांना काही बोलले नाही. त्यांनीही काही विचारले नाही. त्या कपाविषयी कोणताही शासकीय आदेश नव्हता, म्हणून तो रद्द करण्याचीही सोय नव्हती. निवृत्तीपर्यंत तो तिथेच होता.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1963 साली कलंकावर जो ग्रंथ लिहिला त्यात दोन प्रकारची माणसे वेगळी केली आहेत. ज्यांचे न्यून चारचौघांना दिसते ती, आणि ज्यांचे अद्याप झाकलेले आहे ती. पहिल्यांना लोकांची नजर सोसावी लागते. दुसऱ्यांचे दुःख निराळे: कोणाला सांगावे, कोणाला न सांगावे, कोणाला केव्हा किती सांगावे, याचा हिशेब त्यांना जन्मभर ठेवावा लागतो. पुढे 1986 साली स्कॅम्बलर आणि हॉपकिन्स या अभ्यासकांनी लंडनमधील अपस्माराच्या रुग्णांशी बोलून असे दाखवले की प्रत्यक्ष अपमानापेक्षा अपमानाच्या भीतीनेच त्यांचे आयुष्य अधिक आखडून गेले होते. हिपॅटायटिसच्या बाबतीतही याहून निराळे काही नसावे. पांढुर्ण्याची माणसे एरवी साध्या तापालाही गावातला डॉक्टर पाहतात, पण या तपासणीला नागपूर गाठतात. मेडिकल वा मेयोच्या गर्दीत ओळखीचे कोणी भेटू नये एवढीच त्यामागची इच्छा असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. असा माणूस सत्य सांगण्यास बांधलेला आहे काय, आणि असल्यास कोणाला?

सत्य हे सर्वांना सर्वकाळ देणे लागते, असे मानणारे एक मत आहे आणि त्याला मोठी परंपरा आहे. त्या मताप्रमाणे मौन म्हणजे अर्धे असत्य. दुसरे मत म्हणते, शरीर ज्याचे त्याचे आणि त्याची माहितीही ज्याची त्याची. आम्हांस दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण दोन्ही केवळ सांगणाऱ्याकडे पाहतात. ऐकणारा त्या सत्याचे काय करणार आहे, हे दोघेही विचारीत नाहीत. वैद्याला सांगितलेले सत्य औषध होते. कपाच्या खुंटीला सांगितलेले सत्य दुसरी खुंटी होते. शब्द तेच असले तरी कृत्य एकच आहे असे कसे म्हणावे?

याची कसोटी लग्नाच्या प्रसंगी लागते. आपण जुनी मराठी घराणी. 1956च्या राज्यपुनर्रचनेत सौंसर-पांढुर्णे मध्यप्रदेशात राहिले तरी आपले रोटी-बेटीचे व्यवहार नागपूर, अमरावती, वर्धा यांच्याशी तुटले नाहीत. सोयरीक जुळवताना आपण पत्रिका पाहतो, जमीन पाहतो, संत्र्याची झाडे किती ते विचारतो, आजोबांचे आजोळ शोधून काढतो. अशा वेळी वराच्या वा वधूच्या रक्तात ‘बी’ विषाणू आहे हे साक्षगंधाच्या आधी सांगायचे की नाही?

सर्वोच्च न्यायालयापुढे 1998 साली असाच प्रश्न आला होता, तो एचआयव्हीच्या संदर्भात. एका डॉक्टराने रक्त दिले, तपासणीत लागण सापडली, रुग्णालयाकडून ती वार्ता नियोजित वधूपक्षापर्यंत गेली, विवाह मोडला आणि त्याच्या समाजाने त्याच्याकडे पाठ फिरवली. गोपनीयतेचा भंग झाला म्हणून तो न्यायालयात गेला. न्यायालयाने सांगितले की वैद्यकीय गोपनीयता हा हक्क आहे, परंतु ज्या स्त्रीच्या जीविताला त्यापासून धोका होता तिचा जाणण्याचा हक्क त्याहून वरचढ ठरतो. त्याच निकालात अशा व्यक्तीचा विवाहाचा हक्क जणू स्थगित असतो असेही म्हटले गेले. 2002 साली न्यायालयानेच ती विधाने अनावश्यक ठरवून बाजूस सारली. निकालाच्या पहिल्या भागाशी आम्ही सहमत आहो, आणि ‘बी’च्या बाबतीत तर तो अधिकच बळकट होतो. कारण ‘बी’ला लस आहे. महिना-सहा महिन्यांच्या अंतराने तीन टोचण्या घेतल्या की निरोगी प्रौढांपैकी शंभरांत नव्वदांहून अधिक जणांना संरक्षण मिळते. म्हणजे जोडीदाराला सांगणे हे येथे सरळसरळ त्याच्या हाती ढाल देणे आहे. ते न सांगता संसार मांडणे हा, आमच्या मते, कोणत्याही भयाने क्षम्य न होणारा अपराध आहे.

मात्र जोडीदाराला, एवढेच. जोडीदाराच्या मामाला, मध्यस्थाला, वऱ्हाडातल्या जाणत्या मंडळींना नव्हे. आपल्याकडे सत्य एका कानात सांगता येत नाही, ही खरी अडचण आहे. मुलगा मुलीला सांगेल, मुलगी आईला सांगेल, आई आपल्या बहिणीला सांगेल, आणि आठवड्याच्या आत नरखेडपासून छिंदवाड्यापर्यंत त्या घरच्या धाकट्या मुलींच्या लग्नाची वाट अडेल, ज्यांच्या रक्तात काहीच नाही. अशा ठिकाणी जो गप्प राहतो त्याच्या मौनात त्याचा वाटा किती आणि आपला किती, हे कोणी मोजले आहे? लसीचे तीन डोस घेतले की जी गोष्ट मिटते, तिच्यासाठी आपण सोयरीक मोडतो; आणि मधुमेह, दारू, हुंड्याची हाव या न मिटणाऱ्या गोष्टी असूनही सोयरीक करतो.

नोकरीचे तसे नाही. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला माझ्या रक्तापासून काही धोका नाही. म्हणून त्याला जाणण्याचा हक्कही नाही. चीनमध्ये 2003 साली अन्हुई प्रांतातील वुहू येथे झांग शियानझू नावाचा तरुण शासकीय सेवेच्या परीक्षेत पहिला आला आणि ‘बी’ची लागण आहे म्हणून नाकारला गेला. तो न्यायालयात गेला. 2004 साली न्यायालयाने नकाराचा निर्णय बेकायदा ठरवला. पद मात्र तोवर भरले गेले होते. सेवाभरतीचे कागद ज्यांनी आयुष्यभर हाताळले त्यांना या निकालाची चव लगेच कळेल: न्याय मिळाला, जागा नाही. पण त्या प्रकरणाने तेथे मोठा विचारक्षोभ उठला आणि 2010 साली नोकरी व शाळाप्रवेशासाठी ‘बी’ची चाचणी घेण्यावरच बंदी आली. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने 1997 साली एका एचआयव्हीबाधित कामगाराच्या बाबतीत म्हटले होते की माणूस काम करण्यास सक्षम असेल आणि इतरांना त्याच्यापासून धोका नसेल, तर केवळ लागणीमुळे त्याला कामावरून दूर ठेवता येत नाही. 2017 साली एचआयव्हीग्रस्तांविषयीच्या भेदभावास मनाई करणारा कायदाही झाला. हिपॅटायटिसच्या माणसासाठी असा स्वतंत्र कायदा झालेला नाही.

कोणी म्हणेल, अमिताभ बच्चन यांनी सांगितलेच की! सांगितले खरे. 1982 साली ‘कुली’च्या चित्रीकरणात झालेल्या अपघातानंतर त्यांना बाटल्यांमागून बाटल्या रक्त द्यावे लागले, त्यातून ‘बी’ची लागण झाली आणि ती कळली तेव्हा यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता, हे त्यांनी जाहीरपणे अनेकदा सांगितले आहे. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना आग्नेय आशियासाठी या विषयाचे सदिच्छा दूतही केले. त्यांच्या सांगण्याने कित्येकांनी तपासणी करून घेतली असेल. त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु त्यांचा चहाचा कप कोणी निराळ्या खुंटीला टांगणार नव्हते. ज्याला सांगून गमावण्यासारखे काही नाही त्याचे धैर्य आणि सौंसरच्या शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेकडून मागितलेले धैर्य, ही एका मापाने मोजू नयेत.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. शेजाऱ्याला, सहकाऱ्याला, न्हाव्याला, दंतवैद्याला सांगण्याचे बंधन नाही म्हटले तर त्यांचे रक्षण कसे व्हावे? ‘बी’ विषाणू शरीराबाहेर सात दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो, आणि एचआयव्हीच्या कितीतरी पट सहज लागतो. न्हाव्याचा वस्तरा, जत्रेतल्या गोंदणाऱ्या बाईची सुई, पुन्हा वापरलेली सिरिंज, यांतून तो एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातो. 2009 साली गुजरातमधील मोडासा येथे वापरलेल्या सुया-सिरिंजांतून ‘बी’ची जी साथ पसरली तिने अनेकांचे बळी घेतले.

या आक्षेपाचे उत्तर वैद्यकानेच शोधून ठेवले आहे आणि आमच्या मते ते या साऱ्या विषयातले सर्वांत सुंदर नैतिक तत्त्व आहे. 1980च्या दशकात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने रुग्णालयांना असे सांगितले की कोणाचे रक्त दूषित आहे हे शोधीत बसू नका. प्रत्येकाचे रक्त दूषित असू शकते असे धरून चला. हातमोजा सर्वांसाठी, नवी सुई सर्वांसाठी. यात दुहेरी शहाणपण आहे. ज्या सत्त्याऐंशींना स्वतःलाच ठाऊक नाही ते काय सांगणार होते? त्यांच्यापासून रक्षण कबुलीजबाबाने होत नाही, नव्या पात्याने होते. आणि नवे पाते सर्वांसाठी असले की तेरांपैकी कोणालाही खुर्चीत बसताना मान खाली घालावी लागत नाही. दंतवैद्याला आपण सांगावे ते आपल्या उपचारासाठी. त्याच्या सुरक्षिततेसाठी ते सांगावे लागत असेल तर त्याच्या कामाच्या पद्धतीतच खोट आहे. समता बहुधा विश्वासावर उभी केली जाते. येथे ती सर्वांवरील सारख्या संशयावर उभी आहे, आणि तरी ती अधिक माणुसकीची ठरते, हे नवल आहे.

आमच्या पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात. नदीत पळसाचे झाड रोवलेले असते, त्यावर झेंडा असतो आणि दिवसभर गोटमार चालते. शेकडो डोकी फुटतात. गोटमारीच्या बऱ्यावाईटाचा वाद जुना आहे, येथे तो उकरीत नाही. पण त्या दिवशी रक्ताने माखलेला माणूस ज्याच्या खांद्यावर टाकून नेला जातो तो खांदा देणारा ‘तुझ्या रक्तात काही आहे काय’ असे विचारीत नाही. विचारायला हवे, असे नव्हे. मलमपट्टी करणाऱ्याच्या हातात मोजा हवा. आम्हांस नवल याचे वाटते की ज्या दिवशी रक्त खरोखर वाहते त्या दिवशी आपण निःशंक असतो, आणि ज्या दिवशी केवळ चहा वाहतो त्या दिवशी खुंट्या वेगळ्या करतो.

औषधाच्या बाजूने आज निराश होण्यासारखे फारसे उरलेले नाही. ‘सी’ तर बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी समूळ बरा होतो. ‘बी’ समूळ जात नाही, पण ज्यांना गरज आहे त्यांनी रोजची गोळी घेतली तर तो दबून राहतो. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार दोन्हींची तपासणी व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य आहेत. ‘बी’ची लस नियमित लसीकरणात 2007-08मध्ये ज्या दहा राज्यांत आली त्यांत मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही होते, 2011पासून ती देशभर आहे. त्यानंतर जन्मलेली मुले आता वयात येत आहेत. त्यांच्या लग्नात हा प्रश्न बहुधा उठणार नाही. प्रश्न त्यांच्या आधीच्या पिढीचा आणि आज प्रसूतीला आलेल्या सुनांचा आहे.

गरोदर स्त्रीची ‘बी’साठी तपासणी करावी आणि ती बाधित निघाल्यास बाळाला जन्मापासून चोवीस तासांच्या आत लस व जोडीला प्रतिद्रव्याची टोचणी द्यावी, असा नियम आहे. तसे झाले तर बहुतेक बाळे वाचतात, आणि आईने अंगावर पाजण्यासही हरकत नसते. नियम उत्तम आहे. पण दवाखान्यात सून एकटी येत नाही. सोबत सासूबाई असतात, पिशवी त्यांच्या हातात असते, आणि परिचारिका अहवाल सहसा पिशवी धरणाऱ्या हातातच ठेवते. तो कागद आधी सुनेच्या हाती द्यावा, तिला बाजूला बसवून त्याचा अर्थ दोन वाक्यांत सांगावा, आणि घरी कोणाला काय सांगायचे हे तिला ठरवू द्यावे. नवऱ्याला तिने सांगावे, त्याची तपासणी व लस व्हावी, याचा आग्रह त्याच वेळी धरावा. बाळाची टोचणी तर इतर सर्व बाळांबरोबर त्याच खोलीत, त्याच वेळी, कोणी काही न विचारता होऊ शकते. दुसरी टोचणी कसली, असे सासूबाईंनी विचारलेच तर ‘बाळाच्या रक्षणाची’ एवढे उत्तर खरेही आहे आणि पुरेसेही.